चांगल्या रिपोर्टाची धास्ती

चांगला रिपोर्ट पाहिला की आमच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडायची. वाईट रिपोर्टाला त्या घाबरत नसत. त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक असे. पण धानाच्या रोवण्याच्या दिवसांत एखाद्या बाईचं रक्तातलं हिमोग्लोबिन छान निघालं, की चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "अगं, हा आकडा कोणत्या गावाहून आला ते आधी विचार!" साकोलीच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची माझी ती पहिली नोकरी, ऐंशीच्या आसपासची. मला वाटायचं, या बाईंना कुणाचं चांगलं बघवतच नाही.

उन्हाळ्यात तर त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. पाय मुरगळून आलेला असो की दाढ धरून, आधी लघवीची बाटली हातात. ती उंच नळीत ओतून मी काचेचा काटा सोडायची. लघवी जितकी दाट, तितका काटा वर तरंगायचा. तेवढ्यावरही बाईंचं समाधान नसे. हाताची कातडी चिमटीत धरून बघायच्या, जीभ बघायच्या, आणि मग मीठ-साखरेचं पाणी पाजत समोर उभ्या राहायच्या. "मले तहानच नाई लागली जी," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "जीभ खोटं बोलते, लघवी नाही बोलत." एसटीचा एक कंडक्टर तर बाई दिसल्या की रस्ताच बदलायचा.

एका पावसाळ्यात बाबांनी आमच्या गावाहून, सानगडीहून, आईला बैलबंडीत घालून आणलं. आदल्या दिवसापासून ढाळ आणि उलट्या. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे. मी कशीबशी सुई टोचली, रक्त तपासलं, तर निघालं बारा! आमच्या आईचं रक्त जन्मात कधी नऊच्या वर गेलं नव्हतं. बाबांची कळी खुलली. "अरे बाप्पा, बारा! मंग कायले ठेवता इथं? रोवायचे परे उपटून पडले, बांधीत रोवणाऱ्या बाया खोळंबून राहिल्या. चाल, ऊठ." आणि आईची कमाल बघा, ती खरंच उठायला लागली!

बाईंनी आकडा ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रक्ताची नळी यंत्रात फिरवायला लावली. खाली तांबडा थर तिच्या नेहमीपेक्षा जाड बसला, वरचं पाणी तेवढंच कमी. लघवी मागितली, तर ती सकाळपासून झालीच नव्हती. "भाऊ," बाई बाबांना म्हणाल्या, "वरणातलं पाणी आटलं, तर डाळ वाढली म्हणाल का? हिचं रक्त वाढलं नाही, हिच्यातलं पाणी आटलंय. आता नेलीत तर सानगडीपर्यंत पोचायची नाही."

बाबा ऐकेनात. बारा म्हणजे बारा. तेव्हा बाई तरातरा बाहेर गेल्या आणि पदर खोचून आमच्या बंडीत जाऊन बसल्या. "चला, मलाच न्या रोवायला. येत नाही मला, पण शिकेन!" फाटकाशी ही गर्दी जमली. डॉक्टरीणबाईंना बंडीतून खाली उतरवायची हिंमत बाबांना होईना. शेवटी त्यांनी बैल सोडले आणि आईच्या दोन्ही हातांना सलाईन लागलं. मी तिच्या पायाशी बसून होते. देवाचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं, इतकी मी भ्याले होते.

दोनेक दिवसांत आई बोलू लागली, लघवीही साफ झाली. बाईंनी पुन्हा रक्त तपासायला लावलं. नऊ! बाईंनी टाळीच वाजवली, सगळ्यांना चहा मागवला. बाबा मात्र भडकले, "बारा घेऊन आलो होतो मी! तुमी नऊ करून देलं, अन् वरून चहा पाजता?" बाई हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाल्या, "हे नऊ खरे आहेत, भाऊ. आता खरे बारा करून दाखवते."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाबा आईला घेऊन बाजाराच्या दिवशी यायचे आणि परीक्षेचा निकाल विचारावा तसे मला विचारायचे, "किती?" साडेनऊ. दहा. हळूहळू अकराही झालं, आणि तेवढ्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला.

स्टँडवर आम्ही तिघंही गेलो. बाबांनी खिडकीचा गज धरला आणि भांडायलाच लागले, "बारा म्हनलं होतं तुमी! अकरावर सोडून चालल्या. आता कोन करन?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. बाईंनीच सांगितलं, "तिला आधी बसवा." गाडी सुटली.

मी त्या सांजेला घरीच गेले. बाबांनी स्वतः पाट मांडला आणि आईला हाताला धरून बसवलं. ती लाजेने लालबुंद, "तुमी आधी जेवा ना, शेजारचे हासतीन."

बाबांनी तिच्या ताटात भात वाढला आणि समोर उकिडवे बसले.

"हासू दे," ते म्हणाले. "तू जेव. मी पाहून राहिलो."