पणजोबांचं रणांगण आणि दहा लंगोट

जुना नकाशा गरम पाण्यात भिजवला की मागचं कापड सुटं होतं, ही विद्या आमच्या घरात मीच आणली. मी लातुरात भूगोलाचा मास्तर. शाळेनं टाकून दिलेला आफ्रिकेचा नकाशा एकदा घरी आणला, भिजवला, कागद सोलला आणि मऊसूत कापड बायकोच्या हातात ठेवलं. "बघ, याला म्हणतात डोकं!" असं वर ऐकवलंही. (शहाणपण नडतं ते असं!)

गेल्या महिन्यात रेणापूरच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, त्यांचा जीव की प्राण माझ्या हवाली केला. पहिल्या महायुद्धात आमचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीतून इराकात बसऱ्याकडं तुर्कांशी लढायला गेले होते. तिथल्या रणांगणाचा, कापडावर चिकटवलेला नकाशा त्यांनी परत येताना आणला होता. नांदेडला अशा जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरणार होतं.

"स्कॅन करून ठीव. ऐतवारी मी घेऊन जातो नांदेडला," तात्या म्हणाले. "कुनाच्या हाती देऊ नको, बरं का!"

"तात्या, मी भूगोलाचा माणूस!" मी छाती फुगवली.

कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी तो जुन्या कपड्यांच्या बोचक्यात, पार तळाशी लपवला. त्या बोचक्याला चोरसुद्धा हात लावणार नाही! स्कॅनिंग आज करू, उद्या करू, असं करत राहिलो. मोबाईलवर साधा फोटोही काढला नाही. स्कॅन करणारच होतो ना!

आणि गुरुवारी आमच्या लेकीला मुलगा झाला. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ लागतं. मी शाळेत पेढे वाटत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, लंगोटाला जुनं कापड हाय का कुठं?"

"कपाटावर बोचकं आहे की! सगळं घे!" (आजोबा झालेला माणूस केवढा उदार असतो!)

संध्याकाळी घरी आलो तर दोरीवर दहा लंगोट वाळत होते.

"लई मऊ कापड निघालं बगा," बायको कौतुकानं म्हणाली. "कागद चिकटला होता. गरम पाण्यात टाकला, सुटला!"

"अगं, त्यावर रेघा, नावं, काही दिसलं नाही?"

"दिसलं की! वाटलं, आफ्रिकेवानी तुमच्या शाळंचाच असल. तुम्हीच शिकिवलं न्हवं?"

मी मोरीकडं धावलो. मोरीत कागदाचा लगदा पडला होता. उकिडवा बसून तो चिवडला, तर नदीचा एक निळा तुकडा तेवढा बोटाला चिकटला. मला रडूच आलं.

रविवारी तात्या इस्त्रीचा सदरा घालून हजर. "जयभीम! आन रं नकाशा."

उंदीर, गळकं छत, सगळ्या थापा पाठ केल्या होत्या. एकही तोंडातून निघेना.

"तात्या, धुतला."

"कुनाला?"

"नकाशाला."

तात्या मटकन खाली बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी दोरीवरचा एक लंगोट घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "आज्याला गोळी लागली तिथं त्यानं पेन्सिलीनं फुली मारली व्हती. माझं बोट धरून दाखवायचा."

फुली कुठंच नव्हती.

"चुकलं तात्या. लई चुकलं."

त्यांनी लंगोटाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तोफांच्या माऱ्यातनं आज्यानं त्यो छातीशी धरून आनला. एवढ्या तुर्कांला जमलं न्हाई, मास्तर. तुला एका बादलीत जमलं!"