धवळ्यांची सीडी

मुरबाडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. विद्यापीठाकडून एक फॉर्म आला: तुमच्याकडचं डिजिटल साहित्य किती, कशावर साठवलंय, कुठल्या अवस्थेत आहे, टिकवायला काय लागेल. आमचं डिजिटल साहित्य म्हणजे लोखंडी कपाटातल्या सात सीड्या. अवस्थेच्या रकान्यात सातही ठिकाणी ‘उत्तम’ लिहून मी मोकळा झालो. मग मनाला लागलं, म्हणून एकेक लावून बघितली.

सहा लागल्या. जुन्या प्रश्नपत्रिका, संमेलनाचे फोटो, ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही ते सगळं शाबूत होतं. सातवी लागेना.

तिच्यात वैशाखरे गावाकडच्या एका धवळारणीचा आवाज होता. आमच्याकडे लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवळे गातात, आणि ते गाणारी बाई ती धवळारीण. मी चार दुपारी तिच्या ओटीवर बसून कॅसेटी भरल्या होत्या, कल्याणला जाऊन त्यांची सीडी करून आणली होती. सीडी जन्मभर टिकते म्हणे. म्हणून कॅसेटी मी संमेलनाच्या नाचगाण्यांना देऊन टाकल्या, पुसून वापरा म्हणालो. वर्षभरापूर्वी म्हातारी गेली.

सीडी हातात घेऊन उजेडाला धरली तेव्हा कारण समोरच दिसलं: चकचकीत बाजूवर नुसते चरे. दर दसऱ्याला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करायचो. त्याच्यापुढे एक सीडी मांडायची, आणि मी हौसेने हीच मांडायचो, कारण कॉलेजात तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं. नाव लिहिलेली बाजू खराब होऊ नये म्हणून गंध आणि हळदकुंकू चकचकीत बाजूला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने खसाखसा पुसून परत कपाटात. कॉम्प्युटर सगळं त्याच बाजूने वाचतो, हे मला ठाऊक नव्हतं. ग्रंथपाल म्हणून मिरवायचो मी! कल्याणच्या दुकानदाराने दोनदा प्रयत्न केला आणि मान हलवली. मला स्वतःची भयंकर चीड आली.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: हे साहित्य पुन्हा मिळवता येईल का? म्हातारीची लेक त्याच घरात राहत होती. तिला येत असणारच, नव्याने भरून घेऊ, अशी आशा धरून मी एसटीने गेलो.

लेक अंगणात नाचणी पाखडत होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. सूप खाली ठेवून म्हणाली, “मंग आता नायच काय त्यात?”

“नाही. पण तुम्हाला येतात ना धवळे? मी परत भरून घेतो.”

“मला नाय येत, सर.”

“थोडे तरी?”

“आय मागं लागायची, शिक गो, शिक गो. मीच तिला बोलले, आता कालेजात ठेवलेत तुझं धवळं, सर सांभाळतात. मी कशाला डोकं शिणवू?” तिने पदराने डोळे पुसले. “मंग तिनं पण शिकवायचं सोडलं.”