कशावरून मॅडम

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मॅडमना काहीही सांगा, त्या विचारायच्या, "कशावरून?" भाजीवाला म्हणाला, मेथी आजचीच आहे. "कशावरून?" मी म्हणाले, उद्या नळ येणार. "कशावरून?" गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीने त्यांचं नावच कशावरून मॅडम ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं.

कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. घरी तर्कशास्त्राचा एकच प्रश्न धरून बसायच्या. मी चौथी शिकलेली. मला म्हणाल्या, "मावशी, काही विधानं खरी की खोटी, हे आपल्या नियमांनी कधीच ठरत नाही. माझं विधान त्यातलंच आहे, हे मला सिद्ध करायचंय."

"म्हंजे ठरणार नाय, हे ठरवायला एवढी वर्षं?"

"एवढंच," त्या म्हणाल्या आणि परत लिहायला लागल्या.

एका पावसाळ्यात ते सिद्ध झालं. परदेशातून फोन आले, कॉलेजात बढतीची बोलणी सुरू झाली. मी गल्लीत पेढे वाटले. मॅडम मात्र ती सिद्धता पायरीपायरीने संगणकाला भरवत बसल्या. हल्ली तशी तपासतात म्हणे. "माणसं 'हे उघड आहे' चालवून घेतात. हा घेत नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्यासारखाच हाय की," मी म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत संगणक एका ओळीवर अडला. तिथे मॅडमनी "हे उघड आहे" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्यांना कशावरून विचारणाऱ्या बाईने तिथे स्वतःला विचारलं नव्हतं. सुट्टीभर मॅडम त्याच ओळीवर बसल्या. ती काही सिद्ध होईना.

त्यांच्याबरोबर शिकवणारे एक सर आले. माझ्यासमोरच म्हणाले, "बढती होऊ द्या, मग सांगा. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय," मॅडम म्हणाल्या. सरांचा चहा संपायच्या आत त्यांनी सगळ्यांना कळवून टाकलं, सिद्धता अपुरी आहे. बढती दुसऱ्याला मिळाली.

मी म्हणाले, "आन् मी पेढे वाटले त्याचं?"

"पेढे खरे होते, मावशी. सिद्धता नव्हती."

दुसऱ्या सकाळी त्या पहिल्या ओळीपासून परत बसल्या. मी रडारडीची वाट पाहत होते. ती झाली नाही. मला त्या तेव्हा आवडल्या.

गेल्या वर्षी त्या पुण्याला नोकरीला गेल्या. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी म्हणाले, "सुटंल एक दिवस."

"कशावरून?"

"तुम्ही उठत नाय, त्यावरून."

"याला सिद्धता म्हणत नाहीत, मावशी."

"नका म्हणू."

रविवारी मी फोन करते. "अडलंय का अजून?"

"अडलंय."

"मग बसा," म्हणते आणि फोन ठेवते.