हळद पुसली तरी दोनच्या वर

नातवंडांनो, रविवारी मी फोन लवकर का ठेवला, ते धक्का ताजा आहे तोवर लिहिते. जालन्याच्या कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. प्रकाशाचे जुळे कण कितीही दूर गेले तरी मोजल्यावर त्यांची उत्तरं जुळतात, कारण ती निघतानाच ठरलेली असतात, असं मी ठामपणे सांगायचे.

खंडेनवमीला माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते, मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. हेच तपासायचं नवं यंत्र आलं होतं आणि त्याची पूजा माझ्या हातून हवी होती. मी हळदीकुंकू वाहिलं. मग अंधार करून तिने मोजणी लावली. उत्तरं आधीच ठरलेली असतील, तर वेगवेगळ्या कोनांतून त्यांची जुळणी मोजून काढलेला शेवटचा आकडा दोनच्या वर जात नाही. तो गेला.

मी तिला थांबवलं. "अगं, माझी हळद लागली असंल भिंगाला. पूस आन् पुन्हा कर."

"मॅडम, हळदीनं जुळणी बिघडून आकडा उतरंल, चढंल कसा?" ती हसली. तरी तिने सगळं पुसलं, पुन्हा मोजलं. आकडा दोनच्या वरच.

"मंग मी इतकी वर्षं शिकवलं ते?"

"ते न्हाई टिकलं, मॅडम."

'निघतानाच ठरलेली असतात' हे माझं वाक्य गेलं. पटलं नाही तर पुसून पुन्हा मोजायचं, ही मी लावलेली सवय त्या खोलीत अजून आहे.