दत्तूसाठी थांबलेला रस्ता

१९९८च्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी, राजारामपुरीतला भर वाहता रस्ता दत्तूसाठी थांबला. परवा माझ्या घरात खळ शिजत होती. तिच्या वासाने ती सकाळ समोर आली.

दत्तू तिशीचा होता. मतिमंद प्रौढांच्या कार्यशाळेत तो खळीने कागदी पिशव्या चिकटवायला शिकला होता. समोरचा औषधदुकानदार त्याला कामावर घेणार होता. अट एकच, रस्ता एकट्याने ओलांडून यायचं. कार्यशाळेच्या बाईंनी सराव रविवारी करून घेतला, रस्ता मोकळा असताना. गाडी येताना दिसली की थांबायचं, एवढं त्याला पक्कं शिकवलं होतं. सोमवारी गाड्या संपेचनात. पिशव्यांचा गठ्ठा छातीशी धरून दत्तू कडेला उभाच राहिला. मी बातमीसाठी गेलो होतो. कोडोलीहून आलेली त्याची आई बाईंना म्हणाली, "न्हाय जमायचं ह्येला. नेते घरी."

तेवढ्यात कार्यशाळेजवळच्या थांब्यावरच्या एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घालून इंजिन बंद केलं. मागून हॉर्न वाजले.

"ओ पावणं, दम धरा की! आमचा माणूस कामाला निघालाय!"

पलीकडे बस थांबली. एकेक इंजिन बंद झालं. झाडावरचे कावळे ऐकू येऊ लागले. मोर्चांनी, पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी अडवलेले रस्ते मी पुढे कितीतरी पाहिले. आपणहून थांबलेला तो एकच.

दत्तूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सावकाश पलीकडे गेला.

"हात धरला न्हाय हं कुणी!" रिक्षावाला दुकानदाराला ओरडून म्हणाला.

दुकानदाराने गठ्ठा घेतला. "उद्या दहाला ये रे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच ती रिक्षा रस्त्यात आडवी उभी होती.