आज भांग हाय

आमच्या पप्पांनी मुलुंडच्या एका कंपनीच्या गेटवर तीस वर्षं वॉचमनकी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण नजर अजून गेटवरच आहे. फळवाल्याने एक केळं जास्त दिलं तरी ते पिशवी उलटी करून बघतात. नाव भीमराज, पण कॉलनीत त्यांच्या पाठीमागे सगळे 'चेकिंग' म्हणतात.

गुरुवारी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आईने जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला, त्याआधी एकदा समुद्रात उतरायचं. म्हणून मी दोघांना मनोरीला नेलं. तिथे किनाऱ्याला लागून छोटं उद्यान आहे, खाली काळे खडक आणि खडकांमध्ये पोहण्याजोगे डोह.

आत शिरताच पप्पांचं सुरू झालं. "तिकीट नाही? फुकट कोण कशाला सोडेल?" त्यांनी बाकड्याखाली वाकून बघितलं. खडकावर दोन चपला दिसल्या, तर "ह्यांचा माणूस कुठाय?" माणूस समोरच पोहत होता.

सरबताची टपरी चालवणारी नलिनी कोळीण आईला म्हणाली, "मावशी, घाबरू नको. आज भांग हाय. बिनधास उतर."

पप्पांनी हातातला सरबताचा ग्लास हुंगला, सरळ वाळूत ओतला आणि ते माझ्यावर ओरडले, "माधुरी, पिऊ नको! बाई तोंडाने कबूल करतेय. दिवसाढवळ्या भांग पाजतात आणि वर पाण्यात उतरा म्हणतात. पर्स सांभाळ!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नलिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ओ काका, पियाची नाय ती! अष्टमीला भरती मंद असते, पानी जास्त चढत नाय. त्याला आमी भांग बोलतो. पुनवेच्या उधानाला या, मीच हाकलीन तुमाला."

"कॅलेंडर काढ," पप्पा मला म्हणाले. मी मोबाईलवर काढलं. अष्टमीच होती. तरी त्यांनी चष्मा लावून स्वतः खात्री केली.

तेवढ्यात मला दिसलं, आईच्या चपला खडकावर होत्या आणि आई नव्हती.

"शकू!" पप्पा पँटसकट पाण्यात धावले. आई डोहाच्या मधोमध होती. पदर कमरेला खोचून, लांब लांब हात मारत मजेत पोहत होती.

पप्पा गुडघाभर पाण्यात थबकले. "तू पोहायला कधी शिकलीस?"

"लहानपणी. माहेरच्या नदीत, म्हशी धुताना."

"चाळीस वर्षांत बोलली नाहीस!" आता संशय तिच्यावर आला होता.

"तुम्ही विचारलंच नाही," आई म्हणाली आणि वळून पुन्हा हात मारू लागली.

मीही कधी विचारलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं. गेटवर पप्पांनी हजारो लोकांना विचारलं असेल, कुठून आलात, काय आणलंत. पप्पा परत आले, आईच्या चपला हातात घेऊन खडकावर बसले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग चौकशीच्याच सुरात, पण हळू आवाजात त्यांनी विचारलं, "शकू, म्हशी किती होत्या गं?"