कारखाना आजारी नव्हता

ओटावाला मास्टर्स करताना मी तिथल्याच कनाटा या उपनगरातल्या एका ऑफिसात सकाळी पाच ते आठ साफसफाईचं काम करायचे. जोडीला साठीच्या एक बाई होत्या, पूर्व युरोपातून आलेल्या. सुरुवातीला आम्ही थंडी सोडून दुसरं काही बोललो नाही. एकदा व्हॅक्यूम क्लीनर अडला. मी सुपरवायझरला फोन लावेपर्यंत बाईंनी तो उघडून, सुरू करून ठेवलासुद्धा.

"तिकडे बेअरिंगच्या कारखान्यात होते," त्या म्हणाल्या. "सरकारी होता. बावीस वर्षं मशीन चालवलं."

माझा त्या टर्मचा पेपर नेमका सरकारी कारखान्यांच्या खाजगीकरणावर होता आणि आमच्या पुस्तकात त्यांच्या देशाची गणना 'यशस्वी' देशांत होती. मग कचऱ्याच्या पिशव्या बांधता बांधता बाई रोज थोडं थोडं सांगायला लागल्या. विक्रीच्या वेळी कामगारांना शेअर वाटले. ते मॅनेजरच्या मेव्हण्याने घरोघरी फिरून गोळा केले, कुठे साखरेच्या पोत्यावर, कुठे दारूच्या बाटलीवर. वर्षभरात मशिनं भंगारात गेली.

"तुम्हीही दिलेत?"

"दारातून हाकलला त्याला."

मी हे सगळं पेपरात लिहिलं. सर म्हणाले, "हा एका बाईचा अनुभव झाला. आजारी कारखाना बंद पडणारच होता. एवढा भाग काढून टाक."

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, तर त्यांनी हातमोजे उतरवले. "तुझा वर्ग कधी असतो?"

प्रेझेंटेशनला त्या कामाच्या निळ्या डगल्यातच आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. माझं बोलून झाल्यावर सरांनी तेच आजारपण पुन्हा काढलं. बाई उभ्या राहिल्या. इंग्रजी तोडकंमोडकं, पण आवाज खणखणीत.

"आजारी? शेवटच्या महिन्यापर्यंत तीन पाळ्या चालत होत्या. ऑर्डरी पुऱ्या होत नव्हत्या. आजारी तो कागदावर केला, स्वस्तात विकायला. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमच्यातल्या कुणाला विचारलं होतं?"

सरांनी नम्रपणे आभार मानले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. मी मान खाली घालून कागद आवरले. बाई मात्र तास संपेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिल्या.

तो भाग मी काढला नाही. उलट त्यांचं त्या दिवशीचं बोलणं जसंच्या तसं घालून दीड पान वाढवलं. ग्रेड उतरला. स्कॉलरशिप हुकली, म्हणून पुढच्या टर्मलाही पहाटेची बस धरावी लागली. पण वाढवलेल्या पानाबद्दल मला आजतागायत एका अक्षराचाही पश्चात्ताप झालेला नाही.